एका भांड्यातलं स्ट्रोगानॉफ

शंभूराज उसाला पाणी देत होता, तेव्हा राजलक्ष्मीचा फोन आला. पाय चिखलात, एका हातात खोरं आणि दुसऱ्या हातात फोन अशा अवस्थेत कुणी महत्त्वाचं बोलू नये. पण नंबर अनोळखी होता, आणि त्याला वाटलं ट्रॅक्टरवाला असेल.

"शंभूराज बोलताय का? मी राजलक्ष्मी. कऱ्हाटीची. तुमचा बायोडाटा आलाय आमच्याकडं."

शंभूराजनं खोरं खाली टाकलं. ते त्याच्याच पायावर पडलं.

"व्हय, बोलतोय की."

"रविवारी पप्पा आणि आत्या घर बघायला येणारेत तुमच्याकडं. मीही येणार आहे. त्याआधी एक विचारायचं होतं. यात लिहिलंय, स्वयंपाकाची आवड. खरं आहे का हे?"

शंभूराजनं स्वतःचा बायोडाटा उंचीपर्यंतच वाचला होता. त्याच्या पुढचं सगळं त्याच्या मित्रानं, सिद्धूनं, लिहिलं होतं. सिद्धू बारामतीच्या एमआयडीसीत कामाला होता आणि हल्लीच्या मुलींना काय हवं असतं ते आपल्याला कळतं, अशी त्याची खात्री होती. स्वतः सिद्धूचं लग्न जमत नव्हतं, ते वेगळ्या कारणांनी, असं तो सांगे.

"खरं हाय," शंभूराज म्हणाला. एकतिसावं वर्ष चालू होतं. स्थळं बघायचं तिसरं. मुलींना कळंबची पाच एकर बागायत चालत होती, ती कसणारा चालत नव्हता. अशा वेळी स्वतःहून फोन करणाऱ्या मुलीला 'खोटं हाय' म्हणायची कुणाची छाती होईल?

"काय काय येतं?"

"सगळंच येतं."

"सगळं म्हणजे? स्ट्रोगानॉफ येतं?"

शंभूराजला ते नाव एखाद्या तणनाशकाचं वाटलं. पण तणनाशकाची चौकशी करायला कुणी मुलगी होणाऱ्या नवऱ्याला फोन करत नाही, एवढं त्याला समजत होतं.

"येतं की," तो म्हणाला.

"मग रविवारी तेच करा. तसं अवघड नसतं म्हणा. एकाच भांड्यात होतं." आणि तिनं फोन ठेवला.

बांधावर त्याची आई, विजयमालाबाई, चहाची किटली घेऊन उभी होती. तिनं निम्मं संभाषण ऐकलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

"काय येतं म्हनलास?"

"इस्ट्रो... काय तरी. खायाचं हाय."

"तुला चा येत न्हाय," विजयमालाबाई म्हणाल्या आणि कपात चहा ओतला.

संध्याकाळी सिद्धूला बोलावून घेण्यात आलं. तो आला तो वाद घालायच्या तयारीनंच. "मी काय खोटं लिवलं? आवड लिवलीय. येतं असं कुठं लिवलंय? आता मला विमानाची आवड हाय, म्हनून मी विमान चालवतो का?"

"ते तू तिला सांगाय पायजे व्हतं," शंभूराज म्हणाला.

"तूच सगळं येतं म्हनलास. मी कुठं म्हनलो?"

विजयमालाबाईंनी दोघांनाही गप्प केलं. कधी नव्हे ते त्यांचा आवाज चढला होता. "हे बगा. कुणाच्या पोरीला खोटं सांगून ह्या घरात आनायची न्हाय. उद्या ती हितं नांदायला येनार, तिला रोज तोंड दाखवायचंय. लिवलंय ना? मग आता ते खरं कर. दोन दिस हायेत. मी हात लावनार न्हाय."

ओसरीवरच्या खुर्चीतून शंभूराजचे वडील, बापूसाहेब, सगळं ऐकत होते. बापूसाहेब स्वयंपाकघरात जात ते गॅसची टाकी आत ठेवायला. बाकी पाण्याच्या तांब्यापासून सगळं खुर्चीकडं येत असे. त्यांनी एक तोडगा काढला. "भिगवनातनं चिलापी मासं आना. ताजी. तळून घाला. पावनं खूश."

"आबा, तिनं ते इस्ट्रोगान सांगितलंय," शंभूराज म्हणाला.

"मग ते चिलापीत घाल की," बापूसाहेब म्हणाले आणि त्यांच्यापुरता प्रश्न मिटला.

सिद्धूनं फोनवर एक व्हिडिओ शोधून काढला. पदार्थ रशियातला निघाला. एका परदेशी बाईच्या पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात एकच भांडं होतं. त्यात तिनं मांसाचे लांबट तुकडे परतले, कांदा आणि मशरूम टाकले, पाणी घातलं, त्यातच नूडल्स शिजवल्या आणि शेवटी पांढरं काहीतरी ओतून ती हसली. वीस मिनिटं. कुठं काही सांडलं नाही. मांसाच्या जागी जे नाव होतं ते सिद्धूनं वाचलं, शंभूराजकडं बघितलं, मग दोघांनीही ओसरीवरच्या बापूसाहेबांकडं बघितलं आणि तिथं मटण धरलं.

"हे शेवटी काय वतती?" शंभूराजनं विचारलं.

"आंबट साय लिवलंय."

"आंबट साय?" हात न लावण्याची शपथ घेतलेल्या विजयमालाबाई आतून म्हणाल्या. "त्याचं लोनी काढायचं असतं. ती बाई कालवनात वतती?"

शुक्रवारी पहिला प्रयोग झाला. प्रयोगात मटण घालायचं नाही, नुसते मशरूम, असं ठरलं होतं. सिद्धूनं बारामतीहून मशरूमचे सहा डबे आणि नूडल्सची पाच पाकिटं आणली होती. विजयमालाबाई स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसल्या. बोलायचं नव्हतं म्हणून त्या नुसत्या खाकरत. मुलाचं चुकलं की एकदा, फार चुकलं की दोनदा. शंभूराजनं कांदा चिरायला घेतला आणि त्या दोनदा खाकरल्या. त्यानं सुरी उलटी धरली होती.

रटरटत्या कालवणात त्यानं गार दही आणि साय एकदम ओतली. दही फाटलं. पाणी वेगळं, चोथा वेगळा, आणि त्यात मशरूम बुडलेल्या माणसांसारखे वर-खाली व्हायला लागले. दुसऱ्या वेळी नूडल्सची खळ झाली. एवढी चिकट, की लग्नपत्रिकेची पाकिटं चिकटवता आली असती. तिसऱ्या वेळी सगळं बरं चाललं होतं, पण आनंदाच्या भरात त्यानं कढईचा कान उघड्या हातानं धरला. तळहातावर फोड आला.

"सोड नाद," सिद्धू म्हणाला. "हाटेलातनं मागवू. कुनाला कळतंय?"

शंभूराजनं हात पाण्याच्या बादलीत धरला होता. त्याला राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. एवढा ऊस उभा केला, अडलेली म्हैस हातानं मोकळी केली, आणि एक वाटीभर दही आपलं ऐकत नाही? "पुन्यांदा करू," तो म्हणाला.

शनिवारी त्यानं दह्यात आधी चमचाभर गव्हाचं पीठ फेटलं, कालवण खाली उतरवलं, त्यातलं पळीभर दह्यात घालून ते कोमट केलं आणि मग हळूहळू सोडलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो पिठाच्या डब्याकडं वळला तेव्हा दारातलं खाकरणं थांबलं होतं, एवढीच काय ती मदत. या वेळी दही फाटलं नाही. शंभूराजनं चव घेतली. मग आईला दिली. विजयमालाबाईंनी बोट चाटलं आणि तोंड वळवून म्हणाल्या, "मीठ कमी हाय." एवढं बोलणं शपथेत बसत होतं बहुतेक. शंभूराजला ते पदक मिळाल्यासारखं वाटलं.

रविवारी सकाळी मटण आलं. व्हिडिओतल्या बाईच्या भांड्यातलं मांस वीस मिनिटांत लोण्यासारखं मऊ झालं होतं. कळंबच्या बोकडाला वीस मिनिटांत काहीही फरक पडला नाही. चाळीस मिनिटांनीही तो तसाच होता.

"आई, कुकर म्हंजे भांडंच ना गं?"

"मग काय खुर्ची हाय?" विजयमालाबाई म्हणाल्या.

सगळं कुकरमध्ये गेलं. सहा शिट्ट्या झाल्या. मग झाकण काढून नूडल्स, मशरूम, वाटलेली मोहरी, मिरी आणि शेवटी आच बंद करून पीठ फेटलेलं दही आणि साय. दहाच्या सुमारास शंभूराजनं कुकरमध्ये डोकावून बघितलं. पिवळसर दाट रस्सा, त्यात मऊ तुकडे, वर मिरीचे ठिपके. आत्तापर्यंत आपण केलेल्या सगळ्या कामांत हे सगळ्यात देखणं आहे, असं त्याला उगाचच वाटून गेलं. बापूसाहेबांनी खुर्चीतूनच नाक वर करून वास घेतला आणि ते म्हणाले, "हे चिलापीबिगर बी बरं लागंल."

तेवढ्यात फोन वाजला.

"आम्ही निघालोय," राजलक्ष्मी म्हणाली. "बारापर्यंत पोचू. आणि हो, एक सांगायचं राहिलं. पप्पांनी मागच्या एकादशीला गळ्यात माळ घातलीय. तुम्ही मटणाचं नाही ना केलं?"

शंभूराजनं कुकरकडं बघितलं.

"न्हाय न्हाय," तो म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

शंभूराजनं माळेचं सगळ्यांना सांगितलं. मग सिद्धूला सुचलं. "मटान काढून घेऊ. एकेक तुकडा वेचायचा. खाली मशरूम ऱ्हात्यातच."

विजयमालाबाई पाटावरून उठल्या. "माळकऱ्याला मटनाच्या रश्शातलं वाढनार? आरं, देवाच्या दारात उभं ऱ्हायचंय का न्हाय तुला?"

एका भांड्यात होणाऱ्या पदार्थाची हीच अडचण असते. जे काही असतं ते एकाच भांड्यात असतं.

दुसरं करायचं ठरलं. पण कशात? या घरात बापूसाहेबांच्या आवडीमुळं एकूण एक पातेल्यात कधी ना कधी मटण शिजलेलं होतं. ज्याला कधीच त्याचा स्पर्श झाला नव्हता असं एकच भांडं माळ्यावर होतं: सत्यनारायणाच्या प्रसादाचं स्टीलचं पातेलं. त्यात पन्नास माणसांचा शिरा होत असे. ते खाली काढायला दोघं लागले. गॅसच्या शेगडीवर ते बसेना, म्हणून अंगणात तीन दगड मांडून चूल पेटवली. कुकर पाव्हण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून सिद्धूनं तो गोठ्यामागच्या वैरणीच्या खोलीत नेऊन ठेवला.

सात माणसांपुरता कांदा पातेल्यात टाकला, तर तो बुडाशी नुसता दिसेनासा झाला आणि बघता बघता करपला.

"एवढ्याशानं भागायचं न्हाय," शंभूराज म्हणाला. "बूड झाकलं पायजे. वाढवा सगळं."

सगळं वाढवायचं तर सगळं हवं. मशरूमचा एकच डबा उरला होता, नूडल्स संपल्या होत्या. सिद्धू मोटरसायकल घेऊन वस्तीवर सुटला. शेजारच्या भिमाच्या शेडनेटमधून ढोबळी मिरची आली, कुणाकडून मटार, कुणाकडून बटाटे, चार घरांतून दही आणि साय. जो तो देताना विचारत होता, "कशाला?" आणि सिद्धू खरं तेच सांगत होता, "शंभूराज पावन्यांसाठी रशियातलं कालवन करतोय." त्यामुळं सामान आलं, त्याच्यामागून सामान देणारे आले. साडेअकराला अंगणात वीसेक माणसं बसली होती आणि भिमा सगळ्यांना समजावून सांगत होता की रशियात फार थंडी असते म्हणून तिकडं साय आंबट होत नाही, मुद्दाम करावी लागते.

"नूडल्सचं काय?" सिद्धूनं विचारलं.

विजयमालाबाई आत गेल्या. उन्हाळ्यात पाटावर वळून वाळवलेल्या गव्हाच्या शेवयांचा मोठा डबा घेऊन आल्या आणि तो चुलीशेजारी ठेवला. "मी हात लावत न्हाय. डबा हितं ठिवतीय निस्ता," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी डब्याचं झाकणही काढून ठेवलं.

बाराला पाच मिनिटं कमी असताना गाडी आली. राजलक्ष्मीचे वडील संभाजीराव आधी उतरले. सडसडीत, टोपी घातलेले, गळ्यात नवी कोरी माळ, आणि तिला सारखा हात लावायची अजून न गेलेली सवय. त्यांच्यामागून आत्या, छबूबाई. पदर खोचलेला, चष्मा नाकावर. भाचीसाठी आलेली काही मुलं छबूबाईंनी घराच्या उंबऱ्यावरूनच नापास केली होती. शेवटी राजलक्ष्मी. बारामतीच्या एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत ती काम करायची. दुधात काय मिसळलंय ते बघायची सवय असल्यामुळं असेल, तिनं अंगणातल्या वीस माणसांवरून, तीन दगडांवरून आणि प्रचंड पातेल्यावरून एकदा शांतपणे नजर फिरवली.

पातेल्यामागं लांब दांड्याचा झारा घेऊन शंभूराज उभा होता. नवा शर्ट घामानं भिजला होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"ह्यो रडतोय का?" छबूबाईंनी विचारलं.

"न्हाय, धूर हाय," शंभूराज म्हणाला.

बाकीचे ओसरीवर बसले. छबूबाई बसल्या नाहीत. त्या सरळ चुलीपाशी आल्या. "एवढ्या मानसांचं कशापायी?"

भांडं मोठं होतं म्हणून माणसं वाढली, हे खरं असलं तरी सांगण्यासारखं नव्हतं. "आमच्यात पावनं आलं की वस्ती जेवती," तो म्हणाला. वस्तीनं एकमेकांकडं बघितलं. त्यांना ही पद्धत नवीन होती, पण पटली.

"बरं. आता काय टाकनार?"

"दही. पन आधी जाळ काढनार." त्यानं लाकडं ओढून बाजूला केली. "उकळत्यात टाकलं की फाटतं. आधी पीठ फेटायचं, मग ह्यातलंच पळीभर घालून कोमट करायचं."

"आन् मोहरी?"

"वाटलेली. पयलीच टाकली. उशिरा टाकली की कडवट लागती."

"हे कुनी शिकीवलं? आईनं?"

"न्हाय," शंभूराज म्हणाला, आणि फोड आलेला तळहात शर्टाला पुसला. "तीनदा बिघडलं."

छबूबाईंनी चष्म्यातून त्या हाताकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग त्या ओसरीवर जाऊन बसल्या आणि संभाजीरावांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. दारातल्या विजयमालाबाई या सगळ्या वेळात एकदाही खाकरल्या नव्हत्या.

पंगत बसली. ताटात जे आलं ते व्हिडिओतल्या बाईनं ओळखलं नसतं. शेवया, मटार, बटाटा, ढोबळी मिरची, मधूनच नशिबानं एखादा मशरूम, आणि सगळ्यावर दाट, आंबूस, मिरीचा पांढरट रस्सा. संभाजीरावांनी पहिला घास घेतला. डोळे मिटले. अंगणातली सगळी माणसं घास हातात धरून थांबली.

"माळ घातल्यापासनं पयल्यांदा वाटलं," संभाजीराव डोळे न उघडता म्हणाले, "की सुटलं ते सुटलं, त्यात काय एवढं न्हाय."

त्यांनी तीनदा मागून घेतलं. वस्तीनंही घेतलं. शेवयांचा उपमा आणि कढी यांच्या मधलं काहीतरी असावं, असं बहुतेकांचं मत पडलं. भिमा मात्र म्हणाला, रशियात अगदी असंच लागतं.

जेवणं झाल्यावर संभाजीरावांनीच विषय काढला. "पोरांना जरा बोलू द्या की."

दोघं गोठ्याच्या बाजूला गेले. शंभूराजनं आधी म्हशींची नावं सांगितली. राजलक्ष्मीनं ऐकून घेतली. मग ती अचानक थांबली आणि तिनं नाक वर केलं.

"हा वास कसला येतोय?"

"म्हशींचा."

"म्हशींना मिरी घालता का?"

ती वैरणीच्या खोलीत शिरली. कडब्याच्या पेंढीमागून कुकरचा कान दिसत होता. तिनं झाकण काढलं. शंभूराज भिंतीला टेकून उभा राहिला. संपलं सगळं, असं त्याला वाटलं.

"म्हणजे मटणाचं केलंच होतं तुम्ही."

"तुमचा फोन यायच्या आधी झालं व्हतं. आन् मी 'न्हाय' म्हनलो ते खोटं बोललो. पन पप्पांच्या ताटात ह्यातलं काय बी गेलेलं न्हाय. भांडंच दुसरं हाय. आईची शपथ."

"मला फोनवरच कळलं होतं," ती म्हणाली. "एकदा 'नाही' म्हणणारा माणूस खरं बोलत असतो. तुम्ही दोनदा म्हणालात." मग तिनं दाराबाहेर एकदा बघितलं, कुकरचं झाकण उलटं करून त्यात थोडं काढून घेतलं आणि बोटांनी एक तुकडा तोंडात टाकला. "मी माळ घातलेली नाही," ती तोंड भरलेलं असताना म्हणाली. "आणि पप्पांनी घातल्यापासून घरात आठ दिवस नुसती भोपळ्याची भाजी आहे."

शंभूराज बघत राहिला. ती एक तुकडा संपवून दुसरा घेत होती. शेवटी त्याला राहवलं नाही. "कसं झालंय? खऱ्यासारखं झालंय का?"

"मला काय माहीत? मी कुठं खाल्लंय कधी?"

"आं?"

"पुण्यात एका हॉटेलच्या मेनूकार्डावर नाव वाचलं होतं. मागवायचा धीर झाला नाही." ती हसली. "चार मुलांना हाच प्रश्न विचारला मी. एक म्हणाला, असलं काही आमच्यात चालत नाही. दुसऱ्यानं आईलाच फोन दिला. तिसरा म्हणाला, लग्नानंतर तूच करून घाल. चौथ्यानं हॉटेलातनं मागवलं आणि पातेल्यात ओतून ठेवलं. ओट्याखालच्या पिशवीवर बिल तसंच होतं."

"आन् मी?"

तिनं त्याच्या तळहाताकडं बघितलं. फोड फुटून त्यावर पीठ बसलं होतं. "त्यावर काहीतरी लावा," ती म्हणाली. "आणि अजून थोडं वाढा. आत्या उठायच्या आत."

दोघांनी मिळून निम्मा कुकर संपवला. मध्ये एकदा तिनं विचारलं की लग्नानंतर बारामतीची नोकरी चालू ठेवली तर? तो म्हणाला, मग सकाळचं दूध तुमीच घेऊन जावा की डेअरीला, तपासायचं तितंच तर हाय. ती म्हणाली, पाणी घातलेलं असलं तर नापास करेन. तो म्हणाला, करा.

दोघं अंगणात परत आले तेव्हा त्यांची कुणी वाट बघत नव्हतं. पंगत उठली होती, पण वस्ती हलली नव्हती. सगळी माणसं विहिरीच्या बाजूच्या नळाकडं तोंड करून उभी होती. सिद्धूनं शंभूराजला कोपरानं ढोसलं आणि तिकडं बोट केलं.

नळाखाली प्रसादाचं पातेलं आडवं पडलं होतं. त्यात कंबरेपर्यंत वाकून, धोतर वर खोचून बापूसाहेब आतून घासत होते. पातेल्यातून त्यांचा श्वास घुमल्यासारखा ऐकू येत होता.

झालं होतं असं. जेवणानंतर छबूबाईंनी मुलगा पसंत असल्याचं सगळ्यांसमोर सांगितलं आणि कौतुक केलं, की पुरुषाला अशी सवय लागायला घरात वळण असावं लागतं. बापूसाहेबांची छाती फुगली. "आमच्यात हे पयल्यापासनंच हाय," ते म्हणाले. "मी बी सगळं करतो."

"काय करता?" छबूबाईंनी विचारलं.

बापूसाहेबांनी पदार्थांची नावं आठवून बघितली. ज्याचं नाव घ्यावं ते आत्ता करून दाखवावं लागेल, हे छबूबाईंच्या चष्म्यात स्पष्ट दिसत होतं. त्यांनी त्यातल्या त्यात सुरक्षित उत्तर दिलं.

"भांडी."

छबूबाईंनी नुसती मान हलवली आणि पातेल्याकडं बघितलं. मग वस्तीनं बघितलं. मग संभाजीरावांनी.

आता ओसरीवरच्या खुर्चीत विजयमालाबाई बसल्या होत्या. हातात चहाचा कप होता, आणि तो त्यांना राजलक्ष्मीच्या आत्यांनी आणून दिला होता. त्यांनी एक घोट घेतला, पाय लांब केले आणि पातेल्याकडं मान उंच करून बघितलं. चुलीवर ठेवताना काजळी धरू नये म्हणून बुडाला माती लावतात, ती घाईत राहिली होती. बाहेरून सगळं काळंकुट्ट झालं होतं.

बापूसाहेब घामाघूम होऊन पातेल्यातून बाहेर आले आणि कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. "झालं," ते म्हणाले.

"आतनं झालं," विजयमालाबाई म्हणाल्या. "आता उलटं करा."